दागिने, कडी आणि पगडी
(नेपथ्य आणि वेशभूषेवरच्या पुस्तकाची प्रस्तावना)

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त एका रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालते. सासरे जाऊन फार दिवस झालेले नाहीत, दिवसांच्या खर्चावरून भावाभावांत धुसफूस चालू आहे, आणि देशपांड्यांची ही थोरली सून सोन्यानं मढून नवऱ्यापुढे उभी राहते. वेशभूषाकाराच्या वहीत या प्रवेशापुढे फार तर एक ओळ असेल: साडी तीच, दागिने सगळे. पण त्या घरात राबून या बाईच्या वाट्याला काय आलं आणि काय यायचं राहिलं, ते त्या मिनिटभरात दिसून जातं. पुढे तिची मुलगी रंजू तेच सोनं घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते. तेव्हा काय गेलं हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दागिन्यांचा नुसता उल्लेख झाला असता, तर प्रेक्षकानं ती चोरी हिशेबात धरली असती. अंगावर पाहिलेले दागिने गेले, म्हणून ती जिव्हारी लागते.

याच नाटकात वाड्याच्या दारात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. शेती यंत्रावर करू, घराला पुन्हा बरे दिवस आणू, असं कधीकाळी कोणाला तरी वाटलं होतं, त्याची ती खूण. जाता-येता माणसं त्याला ठेचकाळतात. ठेच लागली नसती तर तो शोभेचा ट्रॅक्टर झाला असता.

मला या प्रस्तावनेत मुख्यतः एवढंच म्हणायचं आहे. नेपथ्य आणि कपडे गोष्ट सांगतात, ते त्यांचं काहीतरी होतं तेव्हा. कोणी ते घालतं, उतरवतं, गहाण टाकतं, कोणी त्यांना अडखळतं, कोणी त्यांच्यामागे लपतं. सुंदर असणं हा त्यांचा गुण आहे, पण दुय्यम. पडदा उघडल्याबरोबर सेटला टाळी पडली की निर्माता खूश होतो. मला मात्र तेव्हा थोडी धास्ती वाटते, कारण पुढचे अडीच तास त्या सेटनं करायचं काय, हा प्रश्न बहुधा कोणी विचारलेला नसतो.

‘वाडा’पासून सुरुवात करण्याला आणखी एक कारण आहे. 1985 मध्ये विजया मेहतांनी ते पहिल्यांदा बसवलं. पण ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं 1994 मध्ये एका दिवसात सलग दाखवण्याचं धाडस केलं ते चंद्रकांत कुलकर्णी यांनी, आणि ते या शहरातून, म्हणजे औरंगाबादहून (आजचं छत्रपती संभाजीनगर), ‘जिगीषा’ या इथल्या तरुणांच्या संस्थेतून पुढे गेलेले दिग्दर्शक. आठ-नऊ तासांच्या त्या खेळात नेपथ्यापुढचा पेच साधा नव्हता. पहिल्या भागात ढासळणारं, दुसऱ्यात पैसा येऊन सजलेलं आणि तिसऱ्यात दुष्काळानं ग्रासलेल्या मुलखातलं असं घर दाखवायचं, आणि सकाळी पाहिलेलं घर तेच हे, अशी ओळख प्रेक्षकाला रात्रीपर्यंत राहिली पाहिजे. फार बदललं तर ओळख तुटते, फार थोडं बदललं तर काळ सरकत नाही. नेपथ्य कथा कशी सांगतं, हे शिकवायला मराठीत याहून चांगला धडा मला माहीत नाही. 2014 मध्ये ‘वाडा’ पुन्हा आलं तेव्हा त्याचं नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचं होतं. नव्या नेपथ्यकारानं तो सेट खांब, पायऱ्या आणि अंधार यांच्या हिशेबानं पाहावा.

‘जिगीषा’तल्या याच मंडळींचं ‘चारचौघी’ हे प्रशांत दळवी यांचं नाटक 1991 मधलं. त्यातला विद्याचा लांबलचक टेलिफोनचा प्रवेश अनेकांच्या लक्षात आहे. तो प्रवेश वायरीनं बांधलेला आहे. वायर जाईल तेवढ्यातच बाई फिरू शकते, रिसीव्हर ठेवणं ही ठाम कृती असते, आणि पलीकडचा माणूस घरात नसूनही घरातल्या एका ठरलेल्या जागेवर ठाण मांडून असतो. 2022 मध्ये नाटक नव्या संचात आलं तेव्हा काळ जुनाच ठेवला, ते योग्यच झालं. हातात मोबाइल दिला असता, तर ती बोलता बोलता गॅलरीत गेली असती आणि प्रवेशही तिच्याबरोबर गेला असता.

आपल्या शहरातल्या एका मोठ्या नाट्यगृहाला संत एकनाथांचं नाव आहे. नाथांच्या भारुडाला नेपथ्य नाही. विंगा, झालर, सायक्लोरामा काही नाही. आहे तो वेश. वासुदेव, जोशी, गोंधळी, दरवेशी, अशी गावात रोज दिसणारी माणसं नाथांनी कीर्तनाच्या रिंगणात आणली, आणि ती आणायला मोरपिसांची टोपी, खांद्यावरची झोळी, हातातल्या चिपळ्या एवढं पुरलं. ओळखीचा वेश दिसला की त्या माणसाचं तोंडपाठ बोलणं ऐकायला लोक कान टवकारतात, आणि त्या बोलण्यात नाथ भलताच अर्थ घालतात. भविष्य सांगणारा जोशी देहाचं भविष्य सांगू लागतो. वेशानं जे कबूल केलं ते शब्दांनी मोडायचं, ही युक्ती सोळाव्या शतकातली आहे. आपल्या जिल्ह्यातले भारुडकार निरंजन भाकरे 2021 मधल्या आपल्या निधनापर्यंत ती वापरत आले. त्यांचा ‘बुरगुंडा’ ज्यांनी पाहिला, त्यांना त्यातला वेश वेगळा काढून दाखवता येणार नाही.

शास्त्रातही हे आहेच. भरतानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यांत आहार्य हा चौथ्या हिश्शाचा भागीदार आहे. आहार्यात तो बांबू, चटया, कापड, कातडं यांपासून बनवायच्या वस्तू, अलंकार, अंगरंग आणि रंगमंचावर येणारे प्राणी हे सगळं एकत्र धरतो. म्हणजे डोंगर, रथ, ढाल हीसुद्धा अभिनयाचीच सामग्री. आपण मात्र नाटकाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, नट यांच्या खाली बारीक अक्षरांत नेपथ्यकाराला बसवतो, आणि वेशभूषाकाराचं नाव कधी कधी तेवढंही नसतं.

संगीत नाटकाचा काळ कपड्यांचा आणि पडद्यांचा होता. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा; एक वर गेला की दुसरा खाली. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्यासारख्या चित्रकारांनी या पडद्यांत जीव ओतला. गंधर्व नाटक मंडळीचे शालू, अत्तरं, दागिने यांच्या आठवणी तर अजून सरत नाहीत. त्या थाटाची मला फारशी मातब्बरी वाटत नाही. ‘द्रौपदी’च्या मयसभेवर मंडळीनं पाण्यासारखा पैसा ओतला, आणि असल्या खर्चांचं कर्ज तिला पुढे फेडत बसावं लागलं. पण त्याच मंडळीनं त्याआधीच, 1919 मध्ये, ‘एकच प्याला’ आणलं होतं. त्यात बालगंधर्व सिंधू म्हणून ठिगळं लावलेलं लुगडं नेसून आले. ज्या देहावर महाराष्ट्रानं शालू पाहायची सवय लावून घेतली होती, त्या देहावर ते ठिगळ आलं, म्हणून लोक हेलावले. दुसऱ्या कोणी नवख्यानं तेच लुगडं नेसलं असतं, तर ते नुसतं गरिबीचं कापड राहिलं असतं. प्रेक्षकाची आठवण हासुद्धा कपडेपटातला एक कपडा असतो, आणि तो विकत मिळत नाही.

पडद्यांचा काळ ओसरू लागला तेव्हा ‘ललितकलादर्श’च्या रंगमंचावर पु. श्री. काळे यांच्या हातून खोली उभी राहू लागली. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, तेव्हा तर दिवाणखाना हा दिवाणखान्यासारखाच दिसला पाहिजे हा आग्रह पक्का झाला. त्यानं मराठी नाटकाला पुष्कळ दिलं आणि एक खोडही लावली. पुढची कित्येक वर्षं पडदा उघडला की सोफा, मागे जिना, डावीकडे स्वयंपाकघराकडे जाणारं दार, उजवीकडे खिडकी. माणसं बदलत, सोफा बदलत नसे.

याला दोन नाटकांनी दोन दिशांनी धक्का दिला. पहिलं, आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’. 1962 मध्ये ते फिरत्या रंगमंचावर आलं. कोर्टात साक्षीदार उभा राहतो, बोलू लागतो, रंगमंच फिरतो, आणि साक्षीतली हकिगत समोर घडू लागते. फिरत्या रंगमंचाचं कौतुक तेव्हा यंत्र म्हणून झालं. खरं तर तो पुराव्याचा मार्ग होता. आरोपी नाकारतो आणि नेपथ्य त्याला खोटं पाडत जातं. कपड्यांचं काम तर त्याहून मोठं. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे कुठे कॅप्टन होतो, कुठे महाराज होतो, आणि प्रभाकर पणशीकरांनी अशी पाच सोंगं नटून दाखवली. पण या नाटकात सोंग नटाचं नाही, आरोपीचं आहे. बायका फसतात त्या त्याच्या बोलण्याइतक्याच त्याच्या टोपीला, गणवेशाला, भगव्या वस्त्राला फसतात. वेशावर विश्वास टाकायची समाजाची सवय हाच तिथला गुन्ह्याचा साथीदार. म्हणून गणवेश बेतशीर आणि भरवशाचा दिसला पाहिजे. तो हास्यास्पद केला, तर फसलेल्या बायका मूर्ख ठरतात आणि नाटक हलकं होतं.

दुसरं, विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, 1967. इथेही कोर्ट, पण लुटुपुटीचं. गावातला एक रिकामा हॉल, चार खुर्च्या, एखादं टेबल. खर्च जवळजवळ काही नाही. पण दाराला एक कडी आहे. नाटक सुरू होतं तेव्हा नायिका बेणारेचं बोट त्या कडीत सापडतं. ती हसते, आपणही हसतो. नंतर खेळ तिच्यावर उलटतो, ती दाराकडे धावते, कडी काढते, आणि दार बाहेरून बंद असतं. लेखकानं पहिल्या पाच मिनिटांत पेरलेलं ते दार आता सापळा झालेलं असतं. वकील सुखात्मे काळा गाऊन चढवतो तेव्हाही हेच घडतं. कपडा अंगावर येतो आणि माणूस थट्टेतून बाहेर पडून अधिकारात शिरतो. हौशी संघ हे नाटक वर्षानुवर्षं करत आले आहेत. पण मी पाहिलेल्या प्रयोगांत कितीदा तरी कडी नीट बसवलेली नसायची, दार फ्लॅटसकट हलायचं, आणि आत अडकलेली बाई मनात आणलं तर भिंत ढकलून सहज निघून जाईल असं वाटायचं. पन्नास रुपयांच्या कडीला आणि फ्लॅटमागच्या दोन ब्रेसना इथे नटीइतकी किंमत आहे.

नाटकातल्या वस्तू म्हटल्या की जगभरची मंडळी बर्टोल्ट ब्रेश्टच्या ‘मदर करेज’मधल्या गाडीचं नाव घेतात. युद्धामागून फिरत माल विकणाऱ्या बाईची ती गाडी. सुरुवातीला मुलं ओढतात, शेवटी बाई एकटी ओढते. आपल्याकडे मात्र ‘घाशीराम कोतवाल’ने वस्तूसुद्धा बाद करून टाकली. 1972 मध्ये पुण्याच्या रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांगच पडदा झाली. माणसं पाठ फिरवतात आणि मागचं झाकलं जातं, माणसं झुलतात आणि मागचं उघडं पडतं. ही माणसांची भिंत फोडायची तर फोडायचं कोणाला? ती तर गावच आहे. नेपथ्य आणि वेशभूषा अशी दोन वेगळी खाती तिथे उरतच नाहीत.

आता जरा घरच्या गोष्टी. नाट्यशास्त्राचं शिक्षण विद्यापीठात देण्याची परंपरा या शहरात जुनी आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी इथल्या विभागाची घडी बसवली. मिलिंद महाविद्यालयात तर त्याही आधी, 1955 मध्ये, प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ झालं होतं. अस्पृश्यतेचा प्रवास वेगवेगळ्या युगांतून दाखवणाऱ्या नाटकात युग बदललं हे सांगायला महाविद्यालयीन नाटकाजवळ कपड्यांपलीकडे फारसं काय असणार? अशी परंपरा असूनही मराठवाड्यातलं गाव रंगमंचावर आलं की कितीदा तरी कोकण उगवतं: उतरत्या कौलांचं छप्पर, पुढे तुळशीवृंदावन, कुंपणाला गडगा. भाड्यानं मिळणारा सेट तोच, म्हणून. इथलं घर माळवदाचं. छप्पर सपाट, भिंती जाड मातीच्या, आत देवळ्या, दारं ठेंगणी. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि पाटील असो की सालगडी, दोघांनाही वाकावं लागतं. ठेंगण्या दारातून वाकून येणाऱ्या पाटलाचा प्रवेश कसा वेगळा होईल, याचा विचार करून पाहावा.

तीच गत काळाची. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर नाटकं होतात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. मग त्या काळचा इथला वकील किंवा कारकून पुणेरी पगडीत आणि उपरण्यात कसा? शेरवानी, रुमी टोपी हा इथल्या दरबारी आणि सरकारी जगातला पोशाख होता. तो शेरवानी घालून कचेरीत जातो आणि घरी येऊन धोतर नेसतो, एवढ्या एका बदलात त्या माणसाची दोन निष्ठांतली ओढाताण दाखवता येते. तिथे चार पानांचं भाषण नको.

पैठणी आणि हिमरू ही या जिल्ह्याची श्रीमंती, आणि इथल्या वेशभूषाकाराचा मोहही. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि काठातल्या मुनिया हातमागावर विणायला महिने लागतात, पण त्या दहाव्या रांगेतून दिसत नाहीत. तिथून दिसतो रंगाचा सलग पट्टा, काठाची रुंदी, जरीचा झोत आणि कापडाचं वजन. म्हणून छापील नकलेनं भागतं. भागत नाही ते एकाच ठिकाणी: चालताना. खरी पैठणी पायाशी जड पडते, बाईची चाल बदलते, आणि बसताना ती पदर आधी सांभाळते. एखादी भूमिका त्या चालीवर उभी असेल तर खरी आणावी, नाहीतर पैसे दिव्यांवर घालावेत. दिव्यांचं तर वेगळंच. हिरव्या प्रकाशात लाल लुगडं काळं पडतं, आणि पांढरंशुभ्र धोतर तोंडापेक्षा जास्त चमकतं. जुने कपडेवाले धोतरं चहाच्या पाण्यात बुडवून काढतात ते यासाठी. नवा सदरा जुना करायचा तर कोपर, गळा आणि खिशाची कड घासायची. माणूस कपडा जिथे वापरतो तिथेच तो विरतो. सगळीकडे सारखा मळवलेला सदरा लांबूनही खोटा वाटतो.

अजिंठा इतका जवळ असल्यामुळे संस्कृत नाटक घेतलं की सगळे तिकडे धावतात. धावावंच, पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, मुकुट, केशरचना यांचा असा खजिना दुसरा नाही. कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी 1966 च्या ‘आम्रपाली’ चित्रपटासाठी अजिंठ्याच्याच चित्रांचा आधार घेतला. आता आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि ती चित्रं बहुतांश इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, मधे हजारेक वर्षं. तरी ते कपडे शोभले, आणि पुढे हिंदी पडद्यावरच्या प्राचीन भारतानं बरीच वर्षं तेच नेसले. इतिहासाची चूक अशी पचते, कारण प्रेक्षकाच्या मनातला काळ आणि ग्रंथातला काळ यांच्यात नेहमी अंतर असतं. पण अंतर किती ठेवायचं हे अज्ञानातून ठरू नये. द. ग. गोडसे नेपथ्य करत आणि इतिहासही धुंडाळत. काय सोडायचं हे त्यांना ठरवता येई, कारण काय होतं हे त्यांना ठाऊक असे.

शेवटचं उदाहरण साठ किलोमीटरवरचं. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012 मध्ये आलं. संभाजी भगत यांची कल्पना, जालन्याच्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, आणि संचात शेती करणारे जालन्याकडचे नट. शिवरायांना न्यायला यम येतो, आणि मग त्यांची पगडी कोणाच्या डोक्याला बसते याचा शोध सुरू होतो. अख्खं नाटक एका शिरोभूषणावर तोललेलं. ती पगडी किती भरजरी असावी, हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. ती मोठी दिसावी की साधी, हातात धरली की कशी वाटावी, कोणाच्याही डोक्यावर ठेवता येईल इतकी सैल असावी की नाही, हे प्रश्न मात्र थेट राजकारणाचे आहेत, आणि ते वेशभूषाकाराच्या टेबलावर सुटतात.

या पुस्तकाची पुढची प्रकरणं नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संघांसाठी आणि टेम्पोत सेट बांधून आज इथे, उद्या नांदेडला, परवा परभणीला जाणाऱ्या मंडळींसाठी आहेत. घडीचे फ्लॅट, लेव्हल्स, दोन प्रवेशांमधला अर्ध्या मिनिटाचा कपडेबदल, लहानमोठ्या रंगमंचांवर एकच सेट बसवण्याच्या तडजोडी, हे सगळं त्यांत येईल. प्रकाशयोजना आणि रंगभूषा लागेल तेवढीच घेतली आहे. त्यांना स्वतंत्र पुस्तकं हवीत. वाचणाऱ्यानं पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी हातातली संहिता घ्यावी आणि पात्रं ज्या ज्या वस्तूला, दाराला किंवा कपड्याला हात लावतात, तिथे पेन्सिलनं खूण करावी. खर्चाची यादी या खुणांपासून सुरू करायची आहे.